सकाळी लागणारे दिवे

मेकॅनिक महिपतीनं स्टिअरिंगखाली डोकं घातलं आणि दत्तप्रसादरावांनी नकळत शर्टाचा खिसा चाचपला.

बटण दाबताच दोन्ही हेडलाइट लख्ख लागले. कर्वेनगरच्या या गॅरेजात सकाळी ते नेहमीच लागत. संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मात्र लागत नसत. बावीस वर्षांच्या गाडीला एवढा लहरीपणा शोभतो, असं दत्तप्रसादराव सांगत.

खरं कारण त्यांच्या शर्टाच्या खिशात असे. अंधारात गाडी काढायची वेळ आली, की ते आधी एकटेच खाली जात आणि हेडलाइटचा फ्यूज उपटून खिशात टाकत. सकाळी परत बसवत. गेल्या दिवाळीपासून समोरच्या गाडीचा झोत आला, की त्यांना रस्त्याच्या जागी पांढरी भिंत दिसे. घरात हे कळलं असतं, तर सकाळचं मार्केट यार्डही बंद झालं असतं. एकाहत्तरीच्या बापाकडून लेकीनं एकदा किल्ली घेतली, की ती परत मिळत नाही. खालच्या मजल्यावरचे दिग्विजय किल्ली गेल्यापासून गेटपाशी रिक्षाची वाट बघत उभे असत.

"बाबा, आज दोष सापडला नाही ना, तर गाडी सरळ भंगारात," सृष्टीनं बजावलं होतं.

नाही सापडला तर गाडी जाणार होती. सापडला तर किल्ली.

"वायरिंग ठणठणीत आहे," महिपती आतून म्हणाला. मग तो एकेक फ्यूज निरखू लागला. निरखत बसलेल्या मेकॅनिकइतकं भीतिदायक काही नसतं. शेवटी तो चिमटीत फ्यूज धरून बाहेर आला.

"ताई, हे बघा. बाकीच्यांवर वर्षानुवर्षांची धूळ आहे. हा एकटाच आंघोळ केल्यासारखा. याला कुणीतरी सारखं काढतंय, घालतंय."

"म्हणजे चोर?"

"चोर परत आणून बसवत नाहीत, ताई."

सृष्टी सावकाश वडलांकडे वळली. दत्तप्रसादराव कोपऱ्यातल्या एका जुन्या टायरकडे अत्यंत आस्थेनं बघू लागले.

मागच्या सीटवरून शैलाताई उतरल्या. पदर सारखा केला.

"मीच काढते गं," त्या म्हणाल्या. "अंधार पडला की मला गाडीत बसायची धडकी भरते. ह्यांना सांगितलं असतं, तर हसले असते. दिवसा कुठंही नेऊ देत, माझं काही म्हणणं नाही."

दत्तप्रसादरावांनी टायर सोडून बायकोकडे बघितलं. छत्तीस वर्षांत ही बाई कशाला घाबरल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं.

सृष्टीलाही पटलं नाही. "आई, तू? तुला फ्यूज कुठे असतात हे तरी माहितीये?"

"स्टिअरिंगखालचं काळं झाकण उघडायचं," शैलाताई म्हणाल्या. "डावीकडून तिसरा. घट्ट बसतो, म्हणून हे आधी नखानं सैल करून घेतात."