फिरकीच्या झाकणाचा डबा

हिरामणनं लोखंडी सब्बल उचलली आणि शकुंतलेच्या डोळ्यांदेखत तिच्या डब्याला आरपार भोक पाडलं. मग शेजारी दुसरं पाडलं.

"अरे, काय करून राहिला तू?" शकुंतला ओरडली. "तीन सालानं माहा नंबर आला, अन् माहाच डबा फोडाचं सुचलं तुले?"

 हाताला गुंडाळलेल्या फडक्यानं हिरामणनं डबा उचलला आणि बाजूला टाकला.

रामाकोन्याजवळच्या रघुनाथरावांच्या संत्र्याच्या बागेत कोळशी रोगाची फवारणी संपली, की औषधाचे रिकामे डबे मजुरांना मिळत. त्याचे नंबर ठरलेले असत. नंबर चुकला तर बायांची महिना महिना बोलचाल बंद व्हायची. डबा होताच तसा. निळा, जाड पत्र्याचा, फिरकीच्या झाकणाचा. आत मुंगी शिरत नाही, उंदीर कुरतडत नाही, उलटा केला तरी थेंब सांडत नाही. त्याच्यावर कवटीचं चित्र असे, ते राखेनं घासलं की निघून जाई. कवटी गेली म्हणजे विष गेलं, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं.

शकुंतलेची अलका बाळंतपणाला माहेरी आली होती. चार दिवसांवर बाबासाहेबांची जयंती होती. ती झाली की सव्वा महिन्याचं लेकरू घेऊन अलका लोधीखेड्याला सासरी जाणार होती. बाळाच्या मालिशचं तीळतेल शकुंतलेला या डब्यात भरून द्यायचं होतं. लेकीच्या सासरी माहेरचा चांगला डबा दिसावा, एवढीच तिची हौस.

"मांगच्या साली सोताचा नंबर होता, तवा नाई फोडला यानं," मागून कोणीतरी म्हणालं. बाया हसल्या, आणि लगेच गप्प झाल्या. कारण हिरामणची बायको पुष्पा तिथंच उभी होती. गेल्या पोळ्याच्या आधी त्यांची सुजाता गेली. चार वर्षांची पोर. दुपारी बागेत खेळत होती, संध्याकाळी तोंडाला फेस आला, सौंसरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत संपली. ताप डोक्यात गेला, असं हिरामणनं सगळ्यांना सांगितलं होतं. तेव्हापासून तो जरा बिघडलाच, असं लोक म्हणत. हिवाळ्यात रघुनाथरावांच्या ओसरीवर रेडिओनं भोपाळच्या वायूची बातमी सांगितली, तेव्हा सगळे हळहळत ऐकत बसले. हिरामण तेवढा उठून गेला. आणि आज सकाळीच त्यानं विहिरीपासून दूर, बांधापलीकडे, कमरेएवढा खड्डा खणून ठेवला होता. कशाला, ते कोणालाच सांगितलं नव्हतं.

रघुनाथराव चपला ओढत आले. त्यांना दुपारच्या वेळी तंटा आवडत नसे.

"कोठीत एक डबा अजून आहे. तो देऊन टाका शकुंतलाबाईला. आणि हिरामण, तू घरी जा."

डबा आला. शकुंतलेनं तो छातीशी धरला. तिचा राग गेला, चेहरा उजळला.

"चिंच लावते, राख लावते, तीन पाण्यानं धुते," ती बायांना सांगू लागली. "मंग काय होते?"

हिरामण तिच्या वाटेत जाऊन उभा राहिला. डब्यावर बारीक अक्षरात हिंदीत लिहिलेलं असे, की रिकामा डबा फोडून जमिनीत पुरावा. चौथीपर्यंत शिकलेल्या हिरामणनं ते वाचलं होतं, पण फार उशिरा. दवाखान्यात डॉक्टरनं त्याला एकट्याला बाहेर बोलावून विचारलं होतं, पोरीच्या पोटात फवारणीचं औषध कसं गेलं म्हणून. त्याला तेव्हाच कळलं होतं. आठ महिने त्यानं ते पुष्पाला कळू दिलं नव्हतं. आता बोलावं तर ती ऐकणार. न बोलावं तर ते लेकरू.

 त्यानं पुष्पाकडे पाहायचं टाळलं.

"वयनी, सुजाताले ताप नोता," तो म्हणाला. "आपण सारे माठातलं पाणी पेत होतो. तिच्यासाठी सोच्छ पाणी पायजे म्हणून या डब्यात भरून झाडाखाली ठेवलं होतं. डबा मीच आणला. मीच धुतला, मीच पाणी भरलं. सारं माह्या हातानं झालं."

 रघुनाथराव जमिनीकडे पाहू लागले. बायांनी एकमेकींकडे पाहिलं. हिरामणनं जन्मात कधी एक वाटी विसळलेली कोणी पाहिली नव्हती.

पुष्पा पुढं आली. पोरगी गेल्यापासून ती चारचौघांत तोंड उघडत नसे. तिनं शकुंतलेच्या हातातून डबा हळूच सोडवून घेतला आणि हिरामणच्या पायाशी, सब्बलीखाली नेऊन ठेवला. हिरामणनं मान वर केली. तिच्या डोळ्यांत आश्चर्य नव्हतं. ते पाहून तो हबकला.

"डबा यायनं आणला, हे खरं हाये," ती म्हणाली. "धुतला मी होता, वयनी. चिंच लावून, तीन पाण्यानं. हाताचा वास अजून गेला नाई."