सारखे सात भाग

बाजाची पेटी नव्हती. लोखंडी कपाटही नव्हते. उलट दोन सतरंज्या असायला हव्या होत्या तिथे चार अंथरलेल्या होत्या, आणि दाराशी पाण्याच्या एका पिंपाऐवजी दोन पिंपे होती. शिक्षण विस्तार अधिकारी अभिमन बाविस्कर यांनी वस्तीवरच्या त्या एकखोली शाळेत उभे राहून पुन्हा मोजले. आकडा बदलला नाही.

पेटी शेजारच्या गावी सुकदेव गुरुजींच्या शाळेत आहे, यशोदाबाईंनी सांगितले. मुख्याध्यापिका, शिक्षिका आणि शिपाई, तिन्ही त्याच. सांगताना त्यांनी मान खाली घातली नाही. खोली सखल भागातल्या काळ्या मातीवर. पावसाळ्यात जमिनीला ओल सुटे आणि हिवाळ्यात मुले उकिडवी बसून पाटीवर लिहीत. म्हणून पेटी देऊन सतरंज्या घेतल्या. कपाटात ठेवण्याइतके कागद शाळेत नव्हते आणि पाणी लांबच्या नाल्यावरून यायचे. म्हणून कपाट देऊन पिंप घेतले. नातीला सोडायला आलेली भिकुबाई बाहेर ओट्यावर बसली होती. साहेबांना ऐकू जाईल अशा बेताने तिने आपले मत दिले, "पेटी कोन वाजाडी आठे? बकऱ्या?"

बाविस्करांना हसू आले नाही. ते भौतिकशास्त्राचे पदवीधर. माणसाच्या शब्दावर विसंबू नये, मापावर विसंबावे, एवढी एकच श्रद्धा त्यांनी बाळगली होती. अठ्ठ्याऐंशी साली खडू-फळा मोहिमेचा निधी आला, तेव्हा पंचायत समितीचे सदस्य बन्सीलाल यांनी आपल्या गावासाठी दुप्पट वाटा मागितला होता. बाविस्करांनी केंद्रातल्या सात शाळांसाठी साहित्याचे सारखे सात भाग केले. वस्तीच्या शाळेला जे, तेच दोनशे मुलांच्या शाळेला. बोट ठेवायला कुणाला जागा उरली नाही. दोंडाईच्याच्या मिरचीबाजारात तेव्हा म्हणत, काटा असावा तर बाविस्कर साहेबांसारखा, चिमूटभर इकडे नाही की तिकडे नाही. ते वाक्य त्यांना अजून पाठ होते.

आता त्याच बन्सीलालांची तक्रार होती, की यशोदाबाईंनी सरकारी मालाची परस्पर विल्हेवाट लावली, सबब त्यांना निलंबित करावे. नियम स्पष्ट होता. बाईंची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती आणि घरात मिळवते दुसरे कोणी नव्हते, हेही स्पष्ट होते. पण ते नियमात कुठे बसत नव्हते. मात्र एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढणे बाविस्करांच्या शिस्तीत बसत नव्हते. येत्या शनिवारी सातही शाळांनी आपापले साहित्य दोंडाईच्याच्या केंद्रशाळेत आणावे, असा त्यांनी हुकूम काढला.

शनिवारी पटांगणात बैलगाड्या लागल्या. "बठ्ठं आनेल शे, साहेब," यशोदाबाईंचा गाडीवान छगन जू उतरवताना म्हणाला. सगळे आणले आहे, हे त्याचे म्हणणे खरे होते. सगळ्या गाड्या मिळून एकही वस्तू कमी भरली नाही. परंतु बाविस्करांनी जसा दिला होता तसा भाग एकाही गाडीत नव्हता. सुकदेव गुरुजींकडे दोन पेट्या होत्या आणि सतरंजी एकही नव्हती. त्यांच्या शाळेत फरशी होती आणि मुले गाणारी होती. ज्या शाळेच्या दाराशी विहीर आणि भिंतीत वाळवी होती, तिच्याकडे दोन कपाटे होती, पिंप नव्हते. बन्सीलालांच्या गावची शाळा सर्वांत मोठी. तिने ढोलकी देऊन दुसरा फळा मिळवला होता. तो देणाऱ्या शाळेने आपली भिंतच काळी रंगवून घेतली होती. उरलेल्या दोन शाळांचीही हीच कथा. दरमहा शिक्षकांची बैठक संपली, की चहा पिता पिता हे व्यवहार होत.

"एक म्हणता सात निघाले," बन्सीलाल समाधानाने म्हणाले. स्वतःच्या गावच्या फळ्याकडे त्यांनी पाहिले नाही. माल पुन्हा सारखा लावावा आणि कारवाईची सुरुवात बाईंपासून करावी, असे त्यांनी सुचवले.

बाविस्करांनी चुन्याच्या फक्कीने जमिनीवर सात चौकोन आखले. प्रत्येकात एक पेटी, एक कपाट, एक फळा ठेवला गेला. यशोदाबाई स्वतःच पुढे झाल्या आणि चारांपैकी दोन सतरंज्या काठाला काठ जुळवून घडी घालू लागल्या. त्या त्यांनी बाविस्करांच्या हातात दिल्या. सतरंज्यांना ओल्या मातीचा वास होता. त्या ज्या चौकोनात जायच्या होत्या तो सुकदेव गुरुजींचा.

बाविस्कर मध्येच थांबले. कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांना एक गोष्ट शिकवली होती. एका विद्यार्थ्याचे उत्तर चुकले तर विद्यार्थी तपासावा. साऱ्या वर्गाचे उत्तर एकाच तऱ्हेने चुकले तर उपकरण तपासावे. आजवर ही गोष्ट त्यांनी अनेकांना ऐकवली होती. स्वतःला ऐकवण्याचा प्रसंग आला नव्हता.

त्यांनी सतरंज्या यशोदाबाईंच्या हातात परत दिल्या आणि जवळच्या चौकोनाची रेघ बुटाने पुसून टाकली.

"जे ज्या गाडीतून उतरलं, ते त्याच गाडीत चढवा. वाटप झालं."

छगनने लगेच बैल जुंपायला घेतले. साहेबांचे मन पुन्हा फिरेल, अशी त्याला धास्ती असावी. बन्सीलाल मात्र जागचे हलले नाहीत.

"आणि तक्रारीचं काय, साहेब? चूक झालीय, हे तर तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. अहवालात ती कुणाची म्हणून लिहिणार?"

"काट्याची," बाविस्कर म्हणाले.