कलाबाईच्या दारापुढून

वरात कलाबाईच्या घराजवळ आली आणि अकीलनं डीजे बंद केला. नाचणारी पोरं हात खाली सोडून मुकाट चालू लागली. घोडीवरच्या नवरदेवानंही मान खाली घातली.

कलाबाईचा पोरगा संघर्ष वारल्यापासून वरवट बकाल गावात हे असंच चाललं होतं. त्यानं गावावर केलेलं गाणं त्याच्या मागं त्याच्या बँडमधल्या पोरांनी मोबाइलवर टाकलं, आणि बघता बघता ते साऱ्या गावाचं झालं. लग्नात तेच, जयंतीच्या मिरवणुकीत तेच, क्रिकेटचा सामना जिंकला तरी तेच. फक्त त्याच्या आईच्या दारापुढून जाताना ते थांबायचं. असं कोणी ठरवलं नव्हतं. तिला त्रास नको, एवढंच ज्याला त्याला वाटायचं. तिचे यजमान भाऊराव तर घरात त्या गाण्याचं नावही काढू देत नव्हते.

आज कलाबाई भाकरी थापता थापता उठली आणि पिठाच्या हातानं डीजेच्या गाडीपुढं येऊन उभी राहिली.

अकील पूर्वी संघर्षच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा. तो घाईनं खाली उतरला. गाणं काऊन बंद केलं, असं तिनं विचारलं, तेव्हा तो ‘मावशी, तुमाले तरास होईन म्हणून’ असं काहीतरी पुटपुटला.

“साऱ्या गावात तो गाते,” कलाबाई म्हणाली. “माह्या दारापुढंच त्याले मुका काऊन करता?”

अकीलनं गाणं पहिल्यापासून लावलं.

पोराचा आवाज ऐकला आणि तिनं गाडीच्या फळीला हात टेकला. वेस, बाजार, स्टँडवरचा चहा, हे पहिलं कडवं तिला वाऱ्यावर तुकड्या-तुकड्यानं ऐकू आलेलं होतं. दुसरं तिनं कधीच ऐकलं नव्हतं. तिथं ढोल थांबत होता आणि संघर्ष एकटाच, सावकाश म्हणत होता:

किती बी उशीर झाला तरी कडी लागत नाही,
जेवला का इचारल्याबिगर माय निजत नाही.

कलाबाईनं मागं वळून पाहिलं. भाऊराव दारात उभे होते. डोळे मिटलेले. ओठ मात्र हलत होते. एक शब्द मागंपुढं होत नव्हता.

गाणं संपलं. कोणी नाचलं नाही. नवरदेव उन्हात ताटकळला, आता व्हा पुढं, असं कलाबाईच म्हणाली. आणि इथून जाताना यापुढं थांबू नका, असंही सांगितलं. वरात सरकली. पार वळणावर गेल्यावर पोरांना नाचायचं सुचलं.

ती दाराशी आली.

“तुमाले पाठ आहे?”

भाऊरावांनी मग तुटक तुटक सांगितलं. रोज संध्याकाळी ते स्टँडवरच्या हॉटेलात जात. हॉटेलवाल्याला तेवढं एकच गाणं लावायला सांगत. ऐकत, आणि तोंड धुऊन घरी येत. घरी ऐकावं असं कितीदा मनात आलं होतं.

“तू रडशीन म्हणून नाही लावलं,” ते म्हणाले.

“रडू द्याले पायजे होतं.”

कलाबाई ओट्यावर बसली आणि तिनं शेजारचं सुपडं उचलून त्यांना जागा केली.

“मले शिकवा,” ती म्हणाली.

भाऊरावांना जन्मात कधी सूर लागला नव्हता. ते एकेक ओळ नुसती बोलत गेले, आणि पाढे म्हणावेत तशी कलाबाई त्यांच्या मागून म्हणत गेली.