बुधरीबाईंच्या गाण्यामागची मचमच

भामरागडकडच्या बुधरीबाई गेल्या. त्यांचं एक गाणं तेवढं आमच्या लोकगीतांच्या संग्रहातल्या कॉम्प्युटरवर उरलं. दरवर्षी मी त्याची नवी प्रत काढते आणि चेकसम जुळवते. फाईलीत कणभर बदल झाला तरी तो आकडा बदलतो. आजवर एकदाही बदललेला नाही.

तरी गाण्यामागे कुणीतरी खातं.

जेवताना कुणी मचमच केली तरी मी ताटावरून उठते. इथे आधी नुसती मचमच होती. पुढच्या वर्षी मिटक्या आल्या, लाळ ओढल्याचा आवाज आला आणि एक कडवं गेलं. मूळ फाईल लावली, तर तिच्यातही तेच. आकडा मात्र जुळलेला.

बाईंचा मुलगा इसरू दर नव्या धानाला येतो. पहिला घास गेलेल्यांचा, म्हणून पानाच्या द्रोणात नवा भात स्पीकरपुढे ठेवतो आणि मायचं गाणं ऐकतो.

"इसरूभाऊ, यंदा नका ऐकू. फाईल खराब झाली."

"लावा ना बाई, जशी असन तशी."

लावली. एकच ओळ उरली होती, आणि तीही कुणी चवीनं चघळत होतं.

इसरू हसला. "माय जेवून राह्यली."

मी द्रोणाकडे बोट दाखवलं. भाताचं शीतही हललं नव्हतं.

त्याचं हसू गेलं. "मंग काय खाऊन राह्यली?"

गाण्यातला शेवटचा शब्द मधेच तुटला. स्पीकरमधून लांब, ओला ढेकर आला आणि खोलीभर सडक्या मांसाचा वास सुटला.

स्क्रीनवर चेकसमची तपासणी संपली होती: प्रत मूळ फाईलशी जुळते.