खोकल्याची रजा

ताप उतरला आणि घराने तिला बरी जाहीर करून टाकलं. छाती कफाने भरलेली होती, बोलता बोलता उबळ यायची. पण सासूबाईंचा निकाल पक्का होता. "तापानंतर खोकला रेंगाळतोच. त्याला काय आजारपण म्हणतात?" असं म्हणून त्यांनी ओट्यासमोरची जागा तिला सन्मानाने परत केली. मग ती सकाळी सगळ्यांचे डबे भरायची, शाळेत जाऊन बसक्या आवाजात भूगोल शिकवायची आणि घरी येऊन पुन्हा ओट्याशी उभी राहायची. आडवी झाली की मात्र खोकला काही केल्या थांबायचा नाही.

एका सकाळी डबे भरताना नवऱ्याचा आवाज कानावर पडला. तो फोनवर बोलत होता, "साहेब, आजची रजा हवी होती. बायकोला फार खोकला आहे हो."

तिचे डोळेच भरून आले. उशिरा का होईना, या घरात कुणाला तरी तिची कीव आली होती! तिने डबा तसाच अर्धवट ठेवला, शाळेत आज येत नसल्याचं कळवलं आणि वाफ घ्यायला पाणी तापत ठेवलं. तेवढ्यात पुन्हा जोराची उबळ आली.

सासूबाई लगबगीने आल्या आणि स्वयंपाकघराचं दार ओढून घेत दबक्या आवाजात म्हणाल्या,



"अगं, हळू खोक! तुझ्यापायी झोपेचं खोबरं झालंय त्याच्या. म्हणून तर रजा टाकून झोपलाय बिचारा."