हातापुरतं काम

थिएटरमधले दिवे गेले तसं आत्याने शेजारच्या अनोळखी बाईला सांगून टाकलं, की ह्या पिक्चरमध्ये आमची मुलगी आहे.

अख्खी रांग घरचीच होती. आत्या, तिचे यजमान, मामा, मामी, दोघी मावसबहिणी आणि मधोमध बाबा. बाबा शिंपी. आई गेल्यापासून ते दुकान आणि घर सोडून कुठे गेले नव्हते. आज मात्र सगळ्यांच्या आधी इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे होते. त्यांच्या शेजारी बारकी बसली होती. शेंडेफळ म्हणून बारकी. तशी लग्नाच्या वयाची.

पिक्चरमध्ये काम केलंय, एवढंच ती घरी म्हणाली होती. ते खोटं नव्हतं. नायिकेला सुई धरता येईना, म्हणून शिवण्याच्या प्रसंगांत हिचे हात घेतले होते. फक्त हात. पण हे पुढचं वाक्य बोलायच्या आधीच आत्याने गल्लीभर करून ठेवलं, मामाने रजा टाकली आणि बाबा कित्येक दिवसांनी हसले. मग तिच्याने तोंड उघडवेना.

पिक्चर एका मुलीचा होता. एकटी राहणारी, मनाने खचलेली. समोरच्या इमारतीतल्या एका माणसाचं तिला वेड लागतं. त्याच्या वाळत घातलेल्या शर्टांची बटणं ती चोरते आणि आपल्या काळ्या कोटाला लावत जाते. ऐकूनच अंगावर काटा यावा अशी गोष्ट. पण सारखं दार करकरत होतं, सारखी वीज जात होती. मागून कुणीतरी म्हणालं, आता मांजर येणार. मांजर आली. सगळं थिएटर हसलं.

त्यांची रांग हसली नाही. पडद्यावर बाई दिसली की सगळी रांग पुढे वाकत होती. नर्स आली तेव्हा मामी म्हणाली, हीच. नव्हती. रेनकोट घातलेली एक बाई पाठमोरी गेली, तेव्हा आत्या अर्धी उठली आणि मागच्यांच्या शिव्या खाऊन बसली. मग चादरीखाली झाकलेलं एक प्रेत आलं. नुसते पाय दिसत होते. मामा खालच्या आवाजात म्हणाला, ही असेल, चालायला लागली की कळेल.

सगळे बारकीला विचारत होते, कधी येणार, कधी येणार. बाबा काही विचारत नव्हते. पापणीसुद्धा न हलवता बघत होते. त्यांना काय सांगायचं, हे तिने मनात दहादा जुळवलं आणि दहादा मोडलं.

तेवढ्यात संगीत थांबलं. पडदाभर काळं कापड आलं आणि त्यावर दोन हात.

दोऱ्याचं टोक अंगठ्याच्या नखावर दाबून चपटं झालं आणि एका झटक्यात सुईत गेलं. बटण बसलं. खालून दोऱ्याचे वेढे पडले, गाठ आली. मग दोन बोटांनी ते बटण हलकेच ओढून बघितलं. एकदा. पुन्हा एकदा. हात थरथरायला हवेत, असं दिग्दर्शकाने बारकीला बजावून सांगितलं होतं. पण एकदा बटण हातात आलं की ती सगळं विसरली होती आणि घरी लावतात तसं लावून मोकळी झाली होती.

थिएटर पहिल्यांदाच गप्प झालं. मागची बाई पुटपुटली, अगं बाई, किती शांतपणे लावतेय.

"आली," बाबा म्हणाले.

"कुठे, दादा?" आत्याने मान उंच केली. "ही तर हिरॉइन आहे."

"हिरॉइन असं बटण लावते होय? नीट बघ."

आत्याने बघितलं. मामीने बघितलं. एक मावसबहीण किंचाळलीच. मग रांगेत टाळ्या पडल्या, मामाने शिट्टी मारली आणि प्रेक्षक माना वळवून बघू लागले. आत्या शेजारच्या बाईच्या दंडाला धरून सांगत होती, हात आमचे आहेत, आमच्या घरचे. हात आणखी दोनदा आले आणि दोन्ही वेळा असाच दंगा झाला. चोरी, पोलीस, कड्यावरून ढकलणं, ह्या कशाकडे त्या रांगेचं लक्ष राहिलं नाही.

शेवटी ते सगळं स्वप्न निघालं. लोक कावून उठले. एक जण म्हणाला, तिकीटपण स्वप्नातच काढायला हवं होतं.

बाहेर उजेडात आल्यावर बारकी बाबांच्या मागे मागे चालत राहिली. मग एकदम म्हणाली, "बाबा, मी एवढीच आहे त्यात. तोंड कुठेच नाही."

"तुझ्या आईचं तरी तोंड कुणी पाहिलं होतं? दुकानात पडद्यामागे बसायची. गिऱ्हाइकं बटण ओढून बघायची आणि परत आपल्याकडेच यायची."

एवढं बोलून ते वळले आणि तिकीट खिडकीपाशी गेले. पुढच्या खेळाची दोन मागितली. खिडकीतल्या माणसाने मागे उभ्या असलेल्या मुलीकडे पाहिलं, म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, "काका, सांगून ठेवतो, अगदीच बंडल पिक्चर आहे."

"माहीत आहे," बाबा म्हणाले. "आत्ताच बघून आलो. मधेच चष्मा पुसावा लागला, तेवढं बघायचं राहिलंय."