केळ्याएवढं पोट

"म्हणजे वजन उतरवायला पोटच कापून टाकायचं?" त्यानं विचारलं.

"सगळं नाही हो." सिस्टरनं टेबलावरचं रबरी पोट उघडून दाखवलं. "स्लीव्हमध्ये मोठा भाग काढून टाकतात. उरतं ते केळ्याएवढं. बायपासमध्ये वरच्या टोकाला छोटीशी पिशवी करतात आणि आतडं थेट तिला जोडतात. खाल्लेलं बाकीच्या पोटाला वळसा घालून जातं."

"आमच्या लिफ्टसारखं. मधले मजले बंद."

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. मध्यंतरी लिफ्टच्या छतावर चढताना तिथल्या झडपेत तो कमरेशी अडकला, तेव्हा जोडीदारानं खालून ढकलून त्याला मोकळा केला. ती गोष्ट तो सगळ्यांना हसत सांगायचा. साखरेमुळे पायाच्या अंगठ्याची जखम भरत नव्हती, ते मात्र फक्त बायकोला ठाऊक होतं.

ती शिवणकाम करायची. मशीनपेक्षा तिचे गुडघेच जास्त कुरकुरायचे. पण खरी भीती झोपेची होती. घोरता घोरता तिचा श्वास अडकायचा. तो दचकून उठायचा, तिला गदागदा हलवायचा, आणि श्वास सुरू झाला तरी पाठीशी उशी घेऊन तसाच बसून राहायचा.

वर्षभर दोघं एकमेकांच्या मागे लागले होते. "तुम्ही करून घ्या." "आधी तू कर, मग बघू." शेवटी तो म्हणाला, "दोघांनी एकदम. नाहीतर कुणीच नाही." आणि तिनं लगेच मान डोलावली.

"तुम्हाला साखर आहे, तर बायपास बरी. ती मोठे डॉक्टर करतात," सिस्टर म्हणाली. "बाईंनीही तीच केली तर दोघांचं पथ्य सारखं होईल."

"मला स्लीव्हच," ती घाईनं म्हणाली.

"ती डॉक्टरीणबाई करतात. म्हणजे डॉक्टर वेगळे, थिएटरंही वेगळी."

"चालेल," दोघं एकाच सुरात म्हणाले.

तारीख ठरली आणि घरातलं स्वास्थ्य गेलं. न गळणारा नळ तो पुनःपुन्हा आवळत बसला. तिनं एकाच पँटची शिलाई घातली, उसवली, परत घातली. बसलेलं माणूस उठायचं, उठलेलं खिडकीशी जाऊन परत यायचं.

नणंदेचा फोन आला. "दोघं एकदम? म्हणजे तुमच्या घरची कढई उपाशी मरणार म्हणायची!"

"वन्सं, कढईचं सोडा. तुमचे बंधू आधीच अर्धे झालेत भीतीनं."

"मी?" तो आतून ओरडला. "हिलाच विचार, काल मिठाऐवजी साखर कुणी घातली ती!"

एका दुपारी ती माप घ्यायला म्हणून बाहेर पडली आणि उशिरा परतली. दुसऱ्या दिवशी त्यालाही कामावरून यायला उशीर झाला. कुणी कुणाला काही विचारलं नाही. जेवताना दोघांनी अळणी आमटी तशीच ओरपली.

"समजा," तो ताटाकडे बघत म्हणाला, "भूल दिल्यावर जागच आली नाही तर?"

"तुम्हाला काही होत नाही."

"मी माझं म्हणत नाहीये."

ती पाणी आणायला उठली. तांब्या भरलेलाच होता.

ऑपरेशनच्या सकाळी दोन स्ट्रेचर शेजारीशेजारी निघाली. दोघांच्या अंगावर हिरवे झगे होते. तिनं हात पुढे केला, त्यानं तो घट्ट धरला.

"ऐनवेळी उडी मारून पळाल, तर याद राखा."

"तूच पळशील. मी ओळखून आहे तुला."

वळणावर हात सुटले. त्याचं स्ट्रेचर डावीकडे गेलं, तिचं उजवीकडे. ती मान उंचावून बघत राहिली. त्याच्यामागे दार मिटलं. मग तिच्यामागेही मिटलं.

"बस्स, इथंच थांबवा," ती स्ट्रेचर ढकलणाऱ्याला म्हणाली आणि हळूहळू खाली उतरली.

डॉक्टरीणबाई आतून आल्या. "नक्की ना? अजून विचार करा."

"नक्की. तुम्हाला त्या दिवशीच सांगितलंय. मी बरोबर आहे म्हटल्यावरच ते टेबलावर चढणार. दोघंही आडवे झालो, तर त्यांना शुद्धीवर आल्यावर पाणी कोण पाजणार? माझं बघू पुढं." तिनं झग्याची नाडी आवळली. "रागावतील चार दिवस. रागावू देत. पाय तर वाचेल."

मागच्या दारानं बाहेर पडून, लांबचा वळसा घेत, गुडघे सांभाळत ती नातेवाइकांच्या खोलीपर्यंत पोचली. दाराशी बसलेल्या बाईनं तिच्या झग्याकडे चमकून बघितलं.

"तुमचं कोण आहे आत?"

"नवरा."

"बसा तिकडं. तुमच्यासारखेच ते एक गृहस्थ आत्ताच आलेत. त्यांची बायको आहे आत."

ती वळली. बाकावर हिरव्या झग्यात, डोकं हातात धरून, तिचा नवरा बसला होता.